दोन वर्षांची पदवी आणि पुढील तीस वर्षे

बारावीचा निकाल लागला, की सोलापुरातील ज्या घरांत मुलीच्या शिक्षणाचा खर्च बापाच्या यंत्रमागावरील मजुरीतून आणि आईने वळलेल्या विड्यांच्या हिशेबातून भागवावयाचा असतो, त्या घरांत नर्सिंगविषयी सर्वांत आधी विचारला जातो तो प्रश्न म्हणजे, लवकर संपणारा कोर्स कोणता? हा प्रश्न अविचाराचा आहे असे कोणी समजू नये. ज्या कुटुंबाला तीन वर्षांनी येणाऱ्या पगाराची आजपासूनच वाट पाहावी लागते, त्याने वर्षांचा हिशेब प्रथम करावा हे स्वाभाविक आहे. परंतु अभ्यासक्रम किती वर्षांत संपतो आणि इष्ट हुद्द्यावर माणूस किती वर्षांत रुजू होतो, या दोन भिन्न गोष्टी असून, पहिलीवर दृष्टी खिळल्यामुळे दुसरीकडे दुर्लक्ष झाले, म्हणजे पुढे पंधरा-वीस वर्षे एकाच पायरीवर अडून राहण्याचा प्रसंग अनेक गुणी परिचारिकांवर येतो. यास्तव हा हिशेब उलट दिशेने, म्हणजे जेथे पोहोचावयाचे त्या स्थानापासून मागे येत, करावा असे माझे मत आहे. आणि तो कसा करावयाचा हे सांगण्यासाठी आपल्याकडील अभ्यासक्रमांची रचना थोडी विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून हल्ली एक गोष्ट सोलापुरात वारंवार ऐकू येते. तेथे दुसऱ्या कोणत्याही विषयाची पदवी हाती असलेल्या मनुष्यास अवघ्या बारा ते अठरा महिन्यांत परिचर्येची पदवी घेता येते, आणि तिच्या बळावर परवान्याच्या परीक्षेस बसता येते. सेंट लुइस विद्यापीठाने १९७१ मध्ये असा शीघ्र अभ्यासक्रम सुरू केला, आणि आता तो त्या देशात सर्वत्र रुळला आहे. हे ऐकून रसायनशास्त्राची किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतलेली एखादी मुलगी विचारते, की अशी सोय आपल्याकडे आहे काय? तिला स्पष्ट सांगावे लागते, की नाही. अन्य विषयातील पदवीबद्दल भारतातील परिचर्या-शिक्षणात एका सत्राचीही सूट मिळत नाही. तिला बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलींबरोबर पहिल्या वर्षात बसून चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पुरी करावी लागते. आपल्याकडे दोन वर्षांत मिळणारी पदवी आहे खरी, परंतु ती निराळ्या माणसांसाठी आहे. जीएनएम म्हणून ओळखली जाणारी पदविका उत्तीर्ण होऊन जिचे नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत दाखल झाले आहे, तिलाच पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग या अभ्यासक्रमाचा दरवाजा खुला होतो. अमेरिकेतील शीघ्र अभ्यासक्रम विद्यार्थ्याने पूर्वी वाचलेल्या शास्त्रविषयांचे श्रेय मान्य करतो, तर आपला अभ्यासक्रम तिने रुग्णाच्या खाटेजवळ काढलेल्या वर्षांचे श्रेय मान्य करतो, आणि या भेदाची कारणे आपल्या इतिहासात आहेत.

सोलापूरकरांना डफरिन चौक ठाऊक आहे, आणि त्या नावाचे महापालिकेचे प्रसूतिगृहही ठाऊक आहे. ज्या लेडी डफरिन यांच्या नावाने ही स्थळे ओळखली जातात, त्यांनी १८८५ मध्ये हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय साहाय्य मिळावे म्हणून एक निधी उभारला होता, आणि त्याच्या उद्देशांत स्त्री-डॉक्टरांच्या शिक्षणाबरोबरच शिक्षित परिचारिका व सुईणी तयार करणे हाही एक उद्देश स्वच्छ शब्दांत नमूद होता. मिरजेच्या मिशन रुग्णालयात एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले होते. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदनाची शाखा काढली, आणि ज्या काळी विधवेने घराचा उंबरठा ओलांडणे हेच निंदेस पात्र ठरत असे, त्या काळी तिला ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास धाडण्याचे धैर्य दाखविले. या सर्व संस्थांतील शिक्षण रुग्णालयाच्या छायेखाली, वॉर्डातील कामाच्या आधाराने चालत असे. विद्यापीठाशी त्याचा संबंध नव्हता. विद्यापीठाची परिचर्या-पदवी आपल्या देशात आली ती १९४६ मध्ये, दिल्लीला आणि वेल्लोरला. त्याच्या पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय निघावयास १९६४ साल उजाडले. म्हणजे आधी पदविका आणि मागाहून पदवी, हा क्रम आपल्याकडे इतिहासानेच घालून दिला. आणि पदविका घेऊन रुग्णालये चालविणाऱ्या हजारो परिचारिकांना पदवीपर्यंत नेण्यासाठी जो पूल बांधावा लागला, तोच हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होय.

आता पायऱ्या पाहू. सर्वांत खालची पायरी एएनएम, मुदत दोन वर्षांची. ही वाट केवळ मुलींसाठी असून तिचा शेवट बहुधा जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रातील आरोग्यसेविकेच्या पदावर होतो. दुसरी जीएनएम, मुदत तीन वर्षांची, जिला बारावीची कोणतीही शाखा चालते, मात्र इंग्रजी विषय असावा लागतो. तिसरी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची, जिला बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक आहेत. तिची पदवी सोलापुरात शिकूनही सोलापूर विद्यापीठाची मिळत नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते, ही गोष्ट अनेक पालकांस प्रवेशाच्या दिवसापर्यंत ठाऊक नसते. आणि मग जीएनएम झालेल्यांसाठी पोस्ट बेसिक, दोन वर्षांची.

बेरीज केली तर प्रथमदर्शनीच एक गोष्ट नजरेस येते. जीएनएमची तीन आणि पोस्ट बेसिकची दोन मिळून पाच वर्षे होतात. थेट पदवीला चार लागतात. ज्या मुलीने बारावीला शास्त्रशाखा घेतली आहे, जिला सामाईक प्रवेश परीक्षेत बरे गुण मिळाले आहेत आणि जिचे मन मुळातच पदवीवर आहे, तिने ‘आधी तीन वर्षांचे करू, मग पाहू’ या विचाराने जीएनएमला जाणे म्हणजे एक वर्ष खर्ची घालणे होय. उलट कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलीला चार वर्षांची वाट बंदच असल्यामुळे, पदवी हवी असल्यास पाच वर्षांचीच वाट तिच्यापुढे असते, आणि ती वाट हीन आहे असे मुळीच नाही. २०१९ च्या सुमारास जीएनएम बंद होणार अशी घोषणा झाली होती व त्यामुळे मोठी घबराट पसरली होती. पुढे ती अंमलात आली नाही आणि पदविका आजही चालू आहे. संसदेने २०२३ मध्ये परिचर्या व प्रसूतिविद्या यांचा नवा कायदा संमत केला असून, १९४७ च्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याची तरतूद त्यात आहे. तेव्हा नियमांत बदल होत राहणार हे गृहीत धरून, त्या त्या वर्षीचा नियम मुळातून वाचण्याची सवय प्रत्येकीने लावून घ्यावी.

परंतु नुसती बेरीज करून थांबणाऱ्याची फसगत होते. समजा, एखाद्या मुलीचे ध्येय राज्य शासनाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, अधिपरिचारिका म्हणून लागावे हे आहे. या पदाला जीएनएमही पुरते. पदवी असलेली आणि पदविका असलेली, दोघीही त्याच परीक्षेला बसतात आणि निवड झाल्यावर दोघींचीही सुरुवात ३५,४०० रुपयांच्या मूळ वेतनाच्या त्याच श्रेणीत होते. एवढेच ध्येय असेल तर दोन वर्षांचा पगार सोडून पोस्ट बेसिकला जाण्याचे तातडीचे प्रयोजन नाही. केंद्र शासनाच्या एम्स रुग्णालयांचे उदाहरण याहूनही विचार करण्यासारखे आहे. तेथील नर्सिंग ऑफिसरच्या पदाचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते, आणि देशभरातील अशा रुग्णालयांसाठी नॉरसेट नावाची एकच सामाईक परीक्षा घेतली जाते. तिला पदवीधर नोंदणी होताच बसू शकतो. पदविकाधारकाला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षे काम केल्याचा दाखला द्यावा लागतो. आता हिशेब पाहा. जीएनएम होऊन दोन वर्षे एखाद्या मोठ्या रुग्णालयात नोकरी केली तरी पाच वर्षे, आणि जीएनएम होऊन पोस्ट बेसिक केले तरी पाचच वर्षे. पहिल्या वाटेत दोन वर्षांचा पगार पदरात पडतो, दुसऱ्या वाटेत दोन वर्षांची फी जाते. म्हणजे केवळ एम्सची परीक्षा एवढेच लक्ष्य असेल, तर दोन वर्षांची पदवी माणसाला एक दिवसही लवकर पोहोचवीत नाही. मात्र ज्या रुग्णालयात ती दोन वर्षे काढावयाची, त्याच्या खाटा पन्नासांहून कमी असतील, किंवा ते रुग्णालय पुढे कामाचा रीतसर दाखलाच देणार नसेल, तर ती वर्षे कागदावर शून्य ठरतात. गल्लोगल्ली निघालेल्या दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या मुलींना ही गोष्ट कोणीतरी वेळेवर सांगितली पाहिजे.

मुलांच्या बाबतीत, ज्यांना आपण रुग्णालयात ब्रदर म्हणून हाक मारतो त्यांच्या बाबतीत, हा हिशेब आणखी निराळा होतो. एएनएम त्यांना बंद. सैन्यदलाच्या पुण्यातील परिचर्या महाविद्यालयाची वाट, जेथे नीटच्या गुणांवर निवड होऊन चार वर्षांनी थेट लष्करी हुद्दा मिळतो, ती आजवर मुलींसाठीच राहिली आहे. एम्सच्या भरतीत ऐंशी टक्के जागा स्त्रियांना आणि वीस टक्के पुरुषांना अशी वाटणी आहे. यामुळे पुरुष उमेदवाराला वॉर्डातील सर्वसाधारण जागांसाठी चुरस अधिक पडते, आणि विशेष शिक्षण, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह, अध्यापन अशा वाटांकडे त्याने आरंभापासूनच लक्ष ठेवणे श्रेयस्कर ठरते. त्या बहुतेक वाटा पदवीतून जातात.

येथेच दोन वर्षांच्या पदवीचे खरे प्रयोजन उघड होते. जीएनएमच्या बळावर परिचारिका वॉर्डात उत्तम काम करू शकते, सेवाज्येष्ठतेने परिसेविकाही होऊ शकते; परंतु जिला शिकवावयाचे आहे, किंवा एखाद्या शाखेत प्रावीण्य मिळवून स्वतंत्र जबाबदारी घ्यावयाची आहे, तिची वाट पदवीवाचून अडते. एम.एस्सी. नर्सिंगला बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. लागते, तीही किमान पंचावन्न टक्के गुणांची, आणि सोबत एक वर्षाचा कामाचा अनुभव. त्या पुढील दोन वर्षांत वैद्यकीय-शस्त्रक्रिया परिचर्या, प्रसूति-स्त्रीरोग, बालपरिचर्या, मानसिक आरोग्य आणि समुदाय आरोग्य या पाच शाखांपैकी एक निवडावयाची असते. परिचर्या महाविद्यालयात अध्यापक, प्राध्यापक, प्राचार्य हे हुद्दे याच वाटेवर आहेत. सोलापूरकर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव या शहरात मुलामुलांना ठाऊक आहे. १९३८ मध्ये चीनच्या युद्धभूमीवर गेलेला आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच देह ठेवलेला हा डॉक्टर आपल्या अभिमानाचा विषय आहे. परंतु त्यांची पत्नी क्वो छिंगलान ही परिचर्येचे रीतसर शिक्षण घेतलेली आणि बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय विद्यालयात परिचर्या शिकविणारी स्त्री होती, याचा उल्लेख आपल्याकडे फारच थोडे करतात. युद्धाच्या धामधुमीत एक शल्यचिकित्सक जितके रुग्ण वाचवितो, त्याच्या मागे उभ्या असलेल्या परिचारिकांना घडविणारी शिक्षिका त्याहून कमी वाचवीत नाही. कोटणीसांच्या गावातील मुलींनी अध्यापनाची वाट धरावी, असे मला मनापासून वाटते.

प्रावीण्याचा विचार केला तर आपल्या जिल्ह्यातीलच बार्शीकडे बोट दाखविता येते. तेथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने १९८७ मध्ये बार्शी भागात जी कर्करोग नोंदवही सुरू झाली, ती देशातील ग्रामीण लोकसंख्येची अशी पहिली नोंदवही होय. गावोगाव फिरून स्त्रियांत या रोगाची जाणीव उत्पन्न करावयाची, लक्षणे वेळेवर ओळखावयाची, आणि निदान झालेल्या रुग्णाला उपचार अर्धवट सोडू द्यावयाचा नाही, हे काम पुस्तकी नव्हे. त्याला कर्करोग-परिचर्येचे निराळे शिक्षण लागते, आणि भारतीय परिचर्या परिषदेने त्यासाठी एक वर्षाची पदविका आखलेली आहे. अतिदक्षता, नवजात शिशू, शस्त्रक्रियागृह, आपत्कालीन सेवा, मानसोपचार यांच्याही अशाच एका वर्षाच्या पदविका आहेत, आणि त्या पदवी नसलेल्या नोंदणीकृत परिचारिकेलाही खुल्या आहेत. जिला वॉर्ड सोडावयाचाच नाही, पण वॉर्डात अधिक अधिकाराने काम करावयाचे आहे, तिला दोन वर्षांच्या सर्वसाधारण पदवीपेक्षा ही एका वर्षाची पदविका कित्येकदा अधिक उपयोगी पडते. याउलट अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनर या दोन वर्षांच्या निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमास बी.एस्सी. आणि एक वर्षाचा, शक्यतो अतिदक्षतेतील, अनुभव ही अट आहे. प्रसूतीच्या क्षेत्रातही केंद्र शासनाने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून अठरा महिन्यांच्या विशेष शिक्षणाची सोय केली, ज्यायोगे साधे, निर्धोक बाळंतपण परिचारिकेने स्वतःच्या जबाबदारीवर करावे अशी अपेक्षा आहे.

समुदाय आरोग्य अधिकारी हे पद तर अलीकडेच निर्माण झाले. उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, झाल्यापासून तेथे हा अधिकारी नेमला जातो. पदाचे मानधन पंचवीस हजार आणि कामगिरीवर आधारित पंधरा हजारांपर्यंत अशा स्वरूपाचे आहे. नोकरी कंत्राटी आहे, हे विसरून चालणार नाही. पूर्वी त्यासाठी सहा महिन्यांचे निराळे प्रमाणपत्र घ्यावे लागे. आता त्याचा भाग पदवीच्या अभ्यासक्रमातच अंतर्भूत होत आहे. सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट या तालुक्यांत आपल्या गावाजवळ राहून काम करू इच्छिणाऱ्या मुलीने हे ध्यानात ठेवावे. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी लोटतात, तेव्हा पाणी, जुलाब, उष्मा, पायांच्या जखमा यांवर राहुट्यांतून आणि दवाखान्यांतून जे काम चालते, ते पाहिलेल्यास समुदाय आरोग्य हा विषय निराळा समजावून सांगावा लागत नाही.

परदेशाविषयी मात्र ऐकीव माहितीचा सुकाळ आहे, म्हणून चार शब्द अधिक लिहितो. सर्व देशांना पदवीच लागते हा समज चुकीचा, आणि कोठेही पदविका चालते हा समजही तितकाच चुकीचा. इंग्लंडमध्ये नोंदणीसाठी आपल्या जीएनएमचा विचार होतो. तेथे आधी संगणकावरील परीक्षा, मग तेथे जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा आणि त्याआधी इंग्रजीची परीक्षा, ही खरी चाळणी आहे. ऑस्ट्रेलियात पदवीच्या तोडीचे शिक्षण मागतात. तेथे जाण्याची इच्छा असेल तर पोस्ट बेसिकची दोन वर्षे सार्थकी लागतात. अमेरिकेत एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा असून, तिच्याआधी आपल्या महाविद्यालयातून प्रत्येक विषयाचे वर्गातील आणि वॉर्डातील तास नमूद केलेले दप्तर मागविले जाते, आणि वैद्यकीय, शस्त्रक्रिया, प्रसूति, बाल, मानसोपचार यांपैकी एका विभागाचे तास अपुरे दिसले तरी अर्ज अडतो. जर्मनीत परिचर्येचे शिक्षण बहुतांशी तीन वर्षांच्या व्यावसायिक शिक्षणाच्या स्वरूपाचे असल्यामुळे तेथे पदवीपेक्षा जर्मन भाषेची बी-दोन पातळी अधिक मोलाची ठरते. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा अनेक तरुणांनी जर्मनच्या शिकवण्या लावल्या. करार होतात, रेंगाळतात. भाषा मात्र शिकणाऱ्यापाशी राहते. आखाती देशांत बहुधा दोन वर्षांचा अनुभव आणि त्या देशाची परवाना-परीक्षा लागते. थोडक्यात, देश ठरविल्यावाचून पदवीचा निर्णय करू नये.

भाषेचा विषय निघालाच आहे तर सोलापूरच्या मुलीजवळ जी संपत्ती आहे तिचा उल्लेख करणे अवश्य आहे. पूर्वभागातील तेलुगु, अक्कलकोटकडील कन्नड, शहरातील दखनी उर्दू आणि घरची किंवा शाळेची मराठी, या भाषा ऐकत वाढलेली परिचारिका पुण्यात, हैदराबादेत, बेंगळुरूत कोठेही गेली तरी रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलू शकते. वेदना कोठे होते हे रुग्ण आपल्या बोलीतच नेमके सांगतो. मुलाखतीच्या अर्जात या भाषा नोंदविण्यास आमच्या मुली उगाचच संकोचतात.

आता प्रवेशाच्या व्यवहारासंबंधी. सीमेपलीकडे विजयपूर, कलबुर्गी आणि पुढे बेंगळुरू येथे परिचर्या महाविद्यालये पुष्कळ आहेत, आणि दरवर्षी निकालाच्या सुमारास मध्यस्थ लोक सोलापूर जिल्ह्यातील गावोगाव फिरून ‘सीट पक्की’ करून देऊ लागतात. त्या महाविद्यालयांत चांगलीही आहेत. परंतु परराज्यात शिकलेल्या परिचारिकेला महाराष्ट्रात काम करावयाचे असेल, तर तेथील नोंदणी येथे वर्ग करून घ्यावी लागते, आणि संस्थेच्या मान्यतेत काही उणीव असेल तर ती उणीव नेमकी याच वेळी, म्हणजे सर्व पैसा खर्च झाल्यावर, उघडकीस येते. म्हणून मान्यतेची चौकशी संस्थेच्या माहितीपत्रकावरून न करता परिषदेच्या व विद्यापीठाच्या याद्यांवरून, आणि तीही ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्याच वर्षासाठी, करावी. फीच्या बाबतीत, जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय गटांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ झाले आहे. पण हा लाभ शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला आहे, व्यवस्थापनाच्या कोट्यातील जागेला नाही. मध्यस्थाने मिळवून दिलेली ‘पक्की’ जागा बहुधा कोट्यातील असते, आणि मग जी फी माफ झाली असती तीच कर्ज काढून भरावी लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, रुग्णालय पाहावे. परिचर्या महाविद्यालयाला स्वतःचे शंभर खाटांचे रुग्णालय असावे, आणि दर विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत, असा परिषदेचा दंडक आहे. इमारतीचा दर्शनी भाग, संगणककक्ष, वातानुकूलित ग्रंथालय यांनी भारून जाण्यापूर्वी पालकांनी दुपारच्या वेळी त्या रुग्णालयातून एक फेरी मारावी आणि किती खाटांवर खरोखर रुग्ण आहेत हे मोजावे. आपल्या येथे १९६३ मध्ये स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय आहे, जेथे सोलापूरच नव्हे तर धाराशिवपासून कर्नाटकाच्या सीमेपर्यंतचे रुग्ण येतात. कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा गर्दीच्या रुग्णालयात शिकलेल्या मुलीचे हात जितके तयार होतात, तितके ते रिकाम्या खाटांच्या देखण्या इमारतीत होत नाहीत. शीघ्र अभ्यासक्रमाचा खरा धोका हाच आहे. दोन वर्षांत पदवी देणे शक्य होते ते त्याआधीची वर्षे वॉर्डात गेलेली आहेत या भरवशावर. तो भरवसाच पोकळ असेल, तर पदवीचा कागद मिळतो आणि नाडी हाती लागत नाही.

याच कारणास्तव, जीएनएम होताच सुट्टीही न घेता पोस्ट बेसिकला जाण्यापेक्षा एक-दोन वर्षे मोठ्या रुग्णालयात, रात्रपाळ्यांसह, काम करून मग जावे, असे मी आवर्जून सांगेन. त्या अवधीत आपल्याला लहान मुलांत रमता येते की शस्त्रक्रियागृहात, शिकविण्याचा पिंड आहे की गावोगाव फिरण्याचा, हे मुलीला स्वतःलाच कळते. पदवीच्या वर्गात मानसशास्त्र, संशोधन, व्यवस्थापन हे विषय समोर आले म्हणजे तिला ते पाहिलेल्या रुग्णांच्या अनुषंगाने समजतात. आणि तो अनुभवाचा दाखला पुढे एम.एस्सी.लाही कामी येतो. फार उशीरही करू नये. तीन-चार वर्षांहून अधिक काळ गेला, की पगाराची सवय, लग्न, सासरचा हिशेब आणि लहान मूल यांच्या आड पुस्तक पुन्हा हाती येणे कठीण होते, हे अनेकींच्या बाबतीत घडलेले आपण पाहतो.

आणि येथे मला मुलींपेक्षा त्यांच्या घरच्यांना काही सांगावयाचे आहे. चार वर्षे नियमित पगार आणणारी मुलगी किंवा सून जेव्हा ‘मला दोन वर्षे शिकावयाचे आहे’ म्हणते, तेव्हा घरातील पहिली प्रतिक्रिया नकाराची असते, कारण तिच्या पगारावर घराचे भाडे किंवा धाकट्या भावाची फी चालू असते. तरीही तिला शिकवावयाची, विशेष शाखेत जावयाची किंवा अधिकाराच्या पदावर पोहोचावयाची खरी आकांक्षा असेल, तर ती दोन वर्षे घराने तिला द्यावीत. सोलापूर जिल्ह्याला परिचर्येच्या शिक्षिका हव्या आहेत, अतिदक्षतेत आणि कर्करोगात प्रावीण्य मिळविलेल्या परिचारिका हव्या आहेत, आणि त्या येथल्याच मुलींतून घडावयाच्या असतील तर आधी त्यांच्या घरांनी दोन वर्षांच्या पगारावर पाणी सोडण्याची तयारी दाखवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.